थ्रॉटल पोझिशन सेन्सर बदलायचाय : कोड पी ०१२१, नवा सेन्सर हातात, जुन्याचा स्क्रू निघत नाही

मधला_गिअर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. पेट्रोल गाडी आहे, साधा गिअरबॉक्स, केबलवाला थ्रॉटल. म्हणजे पेडलपासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा झडपेने कमी-जास्त करणारा भाग) सरळ तार जाते.

दोन महिने एक त्रास चाललाय. सपाट रस्त्यावर पाय हलका आणि स्थिर ठेवला की गाडी मध्येच दबते आणि लगेच झटका देऊन पुढे जाते. जोरात रेस दिली तर काहीच नाही, छान पळते. सिग्नलला आयडलिंग (पाय पेडलवर नसताना इंजिनाचे मिनिटाचे फेरे) कधी ८०० वर शांत असतं, कधी १५०० ला जाऊन अडकतं. मागच्या सीटवर आई असते, तिला दर झटक्याला पुढची सीट धरावी लागते. त्यामुळे आता हे लांबणीवर टाकायचं नाही असं ठरवलंय.

परवा चेक इंजिनचा दिवा लागला. स्कॅनर लावला तर पी ०१२१. तेवढ्यावर नवा सेन्सर मागवला. आज बदलायला बसलो तर दोन स्क्रूंपैकी खालचा हलतच नाही, आणि डोकं गुळगुळीत व्हायला लागलंय. थांबलोय. पुढे काय करू?

काटामीटर

थांबलात हे उत्तम केलंत. आता स्क्रूचं राहू द्या, आधी एक विचारतो. तुम्ही मीटर लावून काही मोजलंत का? की कोड दिसला आणि पार्ट मागवला?

पी ०१२१ चा अर्थ ‘सेन्सर खराब’ असा नाही. थ्रॉटलच्या सर्किटमधून येणारा आकडा बाकीच्या गोष्टींशी जुळत नाही, एवढंच गाडीचा संगणक सांगतोय. व्होल्टेज फारच कमी आलं तर ०१२२, फारच जास्त आलं तर ०१२३, मधूनमधून तुटलं तर ०१२४. हे सगळे कोड सर्किटचे आहेत, आणि त्या सर्किटमध्ये सेन्सर आहे, कनेक्टर आहे, तीन वायरी आहेत, अर्थिंग आहे आणि पलीकडे खुद्द संगणक आहे. मी वर्षानुवर्षं वायरिंगचं काम करतोय. सेन्सर नवा घातला आणि त्रास तसाच राहिला, अशा गाड्या माझ्याकडे सारख्या येतात.

जुन्या रेडिओचं आवाजाचं बटण आठवा. फिरवताना एका ठरावीक जागी खर्रर्र व्हायचं, पुढे सरकलं की साफ. तुमचा सेन्सर म्हणजे तसंच बटण. आत कार्बनचा पट्टा, त्यावर घासत जाणारं धातूचं बोट. एका टोकाला ५ व्होल्ट, दुसऱ्या टोकाला अर्थ, आणि बोटावरून मिळतो तो सिग्नल. झडप जितकी उघडेल तितका सिग्नल चढत जातो. पट्टा कुठे झिजला असेल तर तिथेच ‘खरखर’ होणार.

म्हणून असं करा. कनेक्टर काढू नका. बारीक टाचणी त्याच्या मागच्या बाजूने, वायरीच्या कडेने आत सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका, तिथून पाणी शिरतं आणि वर्षभराने वायर आतून हिरवी होते. दोन टाचण्या एकमेकींना चिकटणार नाहीत हेही बघा. चावी ऑन, इंजिन बंद. मीटरची काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्हला. मग तिन्ही वायरी एकेक करून बघा. एकीवर ५ च्या जवळपास हवं. अर्थवर जवळजवळ शून्य. एक दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगच कमजोर आहे आणि सेन्सर बदलून काहीही होणार नाही. सिग्नलवर झडप बंद असताना साधारण ०.५ ते ०.९, आणि पूर्ण उघडल्यावर ४ ते ४.५. नेमका आकडा गाडीच्या दुरुस्तीच्या पुस्तकात बघा.

मधला_गिअर

खरं सांगायचं तर काहीच मोजलं नव्हतं. आता मोजलं. पुरवठा ४.९८. अर्थ ०.०२. सिग्नल बंद स्थितीत ०.६४, पूर्ण उघडल्यावर ४.३८. हाताने झडप हळूहळू उघडत नेली, आकडे नीट चढत गेले, कुठे उडी दिसली नाही.

म्हणजे सेन्सर चांगला आहे? मग हे झटके कसले?

ग्रीस_आणि_पाना

एवढ्यात निकाल देऊ नका. आकडेवाला मीटर सेकंदातून दोन-तीनदाच आकडा बदलतो. पट्ट्यावरची तुटलेली जागा बोटाखालून एका क्षणात निघून जाते, मीटरला ती दिसतच नाही. संगणकाला मात्र दिसते, कारण तो सेकंदातून कितीतरी वेळा बघत असतो.

दोन उपाय. कुणाकडे जुना काटेवाला मीटर असेल तर तो आणा. किंवा स्कॅनरवर थ्रॉटलचा आलेख लावा, पण बाकीचे सगळे आकडे बंद करून फक्त तो एकच ठेवा. ब्लूटूथवाले छोटे स्कॅनर दहा गोष्टी एकदम मागितल्या की इतके मंदावतात की आलेख पायऱ्यांसारखा दिसतो.

आणि हे गरम इंजिनवर करा. तुमचा त्रास गाडी चालवताना येतो, मग गाडी चालून तापलेली असतानाच मोजायला हवं. झडप पूर्ण उघडायला निदान दहा सेकंद घ्या. अधूनमधून स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने सेन्सरवर हलकेच टकटक करा.

शांत_आयडल

माझा अनुभव सांगतो, कुणाला तरी उपयोग होईल. माझी गाडी ऑटोमॅटिक. हळू वेगात गिअर सारखे खालीवर व्हायचे, एका ठरावीक वेगाला गाडी थरथरायची. एका वर्कशॉपने गिअरबॉक्स उघडावा लागेल असं सांगितलं. मी जवळजवळ तयार झालो होतो. गिअर कधी बदलायचा हे ठरवताना संगणक थ्रॉटल किती उघडलाय ते बघतो, तो आकडाच उड्या मारत होता. सेन्सर बदलला आणि गिअरबॉक्सला हातही लावावा लागला नाही. ऑटोमॅटिक गाडीवाल्यांनी गिअरबॉक्सचं मोठं काम काढण्याआधी हा आलेख एकदा नक्की बघा, कळकळीने सांगतो.

मधला_गिअर

सापडलं! एका ओळखीच्यांकडून काटेवाला मीटर आणला. अर्धा तास गाडी फिरवून आणली, बॉनेट उघडं, चावी ऑन, आणि हाताने तार अगदी सावकाश ओढत गेलो. काटा चढतोय, चढतोय, आणि १.३ व्होल्टच्या आसपास एकदम खाली पडला आणि परत वर आला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच. सात-आठ वेळा करून बघितलं, दर वेळी तीच जागा. स्कॅनरच्या आलेखावरही तिथे खाच दिसते, मात्र तीन वेळांतून एकदाच.

काटामीटर

छान. आता शेवटची खात्री. झडप १.३ च्या पुढे, जिथे काटा स्थिर आहे तिथे धरून ठेवा आणि कुणाला तरी वायरींचा जुडगा हलवायला सांगा, कनेक्टरपासून दोन वीत मागेपर्यंत. काटा जागचा हलला तर वायर आत तुटलेली आहे किंवा कनेक्टरची पिन सैल आहे. नाही हलला तर दोष सेन्सरच्या पोटात.

मधला_गिअर

हलवलं, वाकवलं, ओढलं. काटा ढिम्म. म्हणजे सेन्सरच. नवा घेतलेला वाया जाणार नाही याचं समाधान वाटतंय, पण आधी मोजायला हवं होतं हे मनापासून पटलं. आता तो स्क्रू.

ग्रीस_आणि_पाना

आता स्क्रूकडे येऊ. सगळ्यात आधी, बाकी काहीही करण्यापूर्वी, टोकदार खिळ्याने सेन्सर आणि थ्रॉटल बॉडी दोन्हींवरून जाणारी एक बारीक रेघ ओढा. जुना सेन्सर कुठे बसला होता ते कळलं पाहिजे. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

तो स्क्रू चौफुली खाचेचा आहे ना? बऱ्याच जपानी बनावटीच्या गाड्यांत ती खाच दिसते नेहमीच्या फिलिप्ससारखी, पण असते जेआयएस, म्हणजे जपानी मानकाच्या, मापाची. त्यात फिलिप्सचा ड्रायव्हर घातला की जोर लावल्यावर तो वर उचलला जातो आणि खाच खाऊन टाकतो. तुमचं डोकं गुळगुळीत व्हायला लागलं ते बहुधा यानेच. योग्य बिट मिळवा आणि वरून पूर्ण भार देऊन मगच फिरवा. फिरवण्यापेक्षा दाबणं जास्त महत्त्वाचं.

कंपनीतून बऱ्याचदा या स्क्रूंना आट्यांवर लॉकिंगचा गोंद लावलेला असतो. तो उष्णतेने सैल पडतो. सोल्डरिंग आयर्नचं गरम टोक स्क्रूच्या डोक्यावर दोन-तीन मिनिटं टेकवून ठेवा, आणि गरम असतानाच फिरवा. आजूबाजूला पेट्रोलचा वास नाही ना, हे आधी बघून घ्या, आणि गंज सोडवणारा स्प्रे त्याच वेळी मारू नका, तो पेट घेतो. ज्योत तर अजिबात नको.

तरीही नाही निघाला तर थ्रॉटल बॉडीच काढून टेबलावर घ्या. दहा-पंधरा मिनिटांचं जास्त काम, पण हाताला सरळ जागा मिळते. इंजिन थंड असू द्या, कारण काही गाड्यांत थ्रॉटल बॉडीला कूलंटच्या नळ्या असतात. परत बसवताना गॅस्केट नवं. टेबलावर घेतली की हातोडीचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरता येतो, पण खाली लाकूड ठेवून आणि हलक्या ठोक्याने. ती अ‍ॅल्युमिनियमची आहे, तडा गेला तर सेन्सरचा विषय बाजूलाच राहील.

पहाटफेरी

धाग्यात मध्येच येतेय, माफ करा. माझ्या गाडीला तार नाही, पेडल इलेक्ट्रॉनिक आहे. कोड पी २१३५. चढावर अचानक ताकद गेली, पेडल दाबलं तरी गाडी वेगच घेईना, मागून ट्रक. फार घाबरले होते. बंद करून चालू केली तर ठीक. मलाही असाच दोन स्क्रूंचा सेन्सर बदलून चालेल का?

काटामीटर

ताई, चढावर, मागे ट्रक असताना असं होणं म्हणजे काय ते समजू शकतो. तुमच्या गाडीचं सगळंच वेगळं आहे, तेव्हा या धाग्यातली कृती जशीच्या तशी करू नका.

पहिली गोष्ट जिवाची: चावी ऑन असताना त्या झडपेत बोट घालू नका. झडप मोटर चालवते, संगणकाने हुकूम दिला की ती ताकदीने मिटते. साफ करतानाही चावी बंद आणि कनेक्टर काढलेला हवा.

तुमच्या थ्रॉटल बॉडीत एक नाही, दोन सेन्सर एकाच दांड्यावर असतात. काही गाड्यांत एकाचं व्होल्टेज चढतं तेव्हा दुसऱ्याचं उतरतं आणि बेरीज कायम ५ च्या आसपास राहते. काहींत दोन्ही चढतात, पण वेगवेगळ्या चालीने. संगणक दोघांची साक्ष ताडून बघतो. ती जुळली नाही की पी २१३५ टाकतो आणि जपून चालण्यापुरतीच ताकद शिल्लक ठेवतो. तुमची गाडी बिघडली म्हणून नव्हे, तर स्वतःहून मोकाट सुटू नये म्हणून मंदावली.

या प्रकारात सेन्सर सहसा सुटा मिळत नाही, पूर्ण थ्रॉटल बॉडी येते. पण तिकडे जाण्याआधी कनेक्टर उघडून बघा. साक्ष न जुळायला एक सैल पिनही पुरते. बंद करून चालू केल्यावर ठीक होते म्हणता, त्यावरून मला आधी तिथेच संशय आहे.

मधला_गिअर

स्क्रू निघाला! सोल्डरिंग आयर्न तीन मिनिटं, जेआयएस बिट, आणि छातीचा पूर्ण भार. ‘टक्’ असा आवाज झाला आणि सुटला. त्या आवाजाने जो आनंद झाला तो इथे आल्याशिवाय कुणाला सांगणार!

नवा सेन्सर बसवला. गाडी चालू केली. झटके कमी वाटतात, पण आयडलिंग १८०० ला जाऊन तिथेच राहतंय. मोजलं तर बंद स्थितीत १.१२ व्होल्ट येतंय. पुस्तकात ०.५५ ते ०.६५ लिहिलंय. नवा सेन्सरही खराब निघाला का? थ्रॉटलच्या बाजूला एक छोटा स्क्रू दिसतो, रंगाचा ठिपका असलेला. तो फिरवून आयडलिंग खाली आणू का?

ग्रीस_आणि_पाना

त्या ठिपक्याच्या स्क्रूला हात लावू नका! झडप किती मिटून थांबायची ते तो ठरवतो, कंपनीत बसवून त्यावर रंगाची खूण केलेली असते. तो एकदा फिरला की मूळ जागा परत सापडणं कठीण. आयडलिंग वर गेलंय कारण १.१२ वाचून संगणकाला वाटतंय, पाय अजून पेडलवर आहे.

सेन्सर खराब नाही, फिरलेला आहे. स्क्रूची भोकं लांबट आहेत का बघा. लांबट असतील तर सेन्सर थोडा फिरवून जागा ठरवायची असते. दोन्ही स्क्रू जेमतेम सैल करा, चावी ऑन, मीटर सिग्नलवर. सेन्सर हळूहळू फिरवत ०.६० वर आणा. मग एक स्क्रू थोडा, दुसरा थोडा, असं आळीपाळीने आवळा आणि आवळताना नजर मीटरवर ठेवा, कारण आवळताना सेन्सर हमखास सरकतो. फार जोर नको, प्लॅस्टिकचा कान तडकतो. झाल्यावर झडप तीन-चारदा पूर्ण उघडून झटकन सोडा आणि दर वेळी ०.६० लाच परत येतं का बघा.

आणखी एक. नवा बसवताना सेन्सरची आतली खाच दांड्याच्या चपट्या भागावर कुठल्या बाजूने बसली? बऱ्याच सेन्सरांत आत स्प्रिंग असते. थोडा तिरका लावून, स्प्रिंगचा ताण घेत फिरवून भोकांशी जुळवावा लागतो. चुकीच्या बाजूने बसला तर झडप उघडताना आकडा चढणारच नाही, किंवा आतली जीभ तुटेल. तुमचा आकडा उघडताना नीट चढत असेल तर ती चूक झालेली नाही.

जुन्या गाड्यांत चौथी वायर असते, आयडल स्विचची. त्यात व्होल्टेजऐवजी फीलर गेजची (फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पात्यांचा संच) पाती त्या थांब्याच्या स्क्रूपाशी सरकवून स्विच कुठे तुटतो ते बघत जागा ठरवतात. पातीचं माप दर इंजिनाचं वेगळं, पुस्तकाशिवाय ते करू नये.

शांत_आयडल

आणि सेन्सर जागेवर आला की संगणकाला बंद झडपेची नवी ओळख करून द्यायला विसरू नका. पुष्कळ केबलवाल्या गाड्यांत कोड पुसून, एसी-दिवे बंद ठेवून, पेडलला पाय न लावता इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवलं की पुरतं. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलला मात्र अनेकदा स्कॅनरने विधी करावा लागतो. निस्सानमध्ये त्याला आयडल एअर व्हॉल्यूम लर्निंग म्हणतात, फोक्सवॅगनमध्ये थ्रॉटल बॉडी अ‍ॅडाप्टेशन. तो न केल्यामुळे चांगला नवा भागही खराब समजून परत केला जातो.

काटामीटर

याच सेन्सरचा एक वेगळा त्रास, कधीतरी उपयोगी पडेल म्हणून लिहून ठेवतो. इंजिन ओलं झालं, पेट्रोल जास्त गेलं, तर पेडल पूर्ण दाबून स्टार्टर मारायचा, हे अनेकांना माहीत असतं. तेव्हा बहुतेक गाड्यांचा संगणक पेट्रोल तोडतो. आता समजा सेन्सर बिघडून कायमच ‘पूर्ण उघडी’ असा आकडा सांगत असेल, तर स्टार्टर फिरेल, ठिणगी पडेल, पण गाडी चालू होणार नाही, कारण संगणक मुद्दामच पेट्रोल देत नाहीये. अशा वेळी सेन्सरचा कनेक्टर काढून स्टार्टर मारून बघा. गाडी लागली तर चोर सापडला.

मधला_गिअर

दोन दिवसांनी येतोय. सेन्सर ०.६१ वर बसवला, आवळताना खरंच दोनदा सरकला, तिसऱ्यांदा जमलं. थ्रॉटलच्या तोंडावर काळा थर होता, तोही थ्रॉटल बॉडीसाठीचाच क्लीनर कापडावर घेऊन पुसला, सेन्सरच्या बाजूला थेंब जाऊ दिला नाही. आयडलिंग ८०० वर. काल आईला घेऊन लांब जाऊन आलो. परतताना ती झोपली होती.

जुना सेन्सर फेकायच्या आधी ब्लेडने कापून उघडला. आत चंद्रकोरीसारखा काळा पट्टा आहे. वरचा अर्धा भाग अगदी नव्यासारखा, मंद काळा. खालच्या टोकाजवळ मात्र बोटाने घासून चकचकीत चर पडलाय, आणि त्या चरात तांदळाच्या दाण्याएवढी जागा पार उघडी पडून खालचं प्लॅस्टिक दिसतंय. रोज ऑफिसला जाताना पाय जिथे स्थिर ठेवतो तिथेच. बोट त्या जागेवर कित्येक वर्षं थरथरत उभं होतं. जोरात रेस दिली की बोट ती जागा ओलांडून वर जायचं, म्हणूनच तेव्हा त्रास नव्हता.

काटामीटर

हा उघडलेला सेन्सर जपून ठेवा. शिकाऊ मुलांना दाखवायला यापेक्षा चांगली वस्तू नाही.

पहाटफेरी

माझंही कळवते. कनेक्टर उघडला. सहा पिनांपैकी एकीचं तोंड फाकलेलं होतं, टाचणी घातली तर इतर पाचांत घट्ट बसते आणि तिच्यात सैल हलते. वायरिंगवाल्यांनी ती एक पिन बदलून दिली, मग स्कॅनरने थ्रॉटल शिकवून घेतला. थ्रॉटल बॉडी जुनीच आहे. त्याच चढावर आज तीनदा जाऊन आले, तिन्ही वेळा व्यवस्थित चढली. कोड परत आला तर याच धाग्यावर लिहीन.